लानचं केंद्र आणि आपलं भांडण

सुमेधाताई,

तू गेलीस हे सगळ्यांत आधी लानला कळवायला हवं होतं, आणि मला चिनी येत नाही. इतकी वर्षं ती काय म्हणते ते तू मला सांगायचीस आणि मी काय म्हणते ते तिला. मधली तूच गेलीस आणि आम्ही दोघी मुक्या झालो. शेवटी तुझी विद्यार्थिनी वेन आमच्या घरी आली. ती मूळची चीनचीच. तिनं माझ्या स्वयंपाकघरात बसून फोन लावला, हळू आवाजात काहीतरी सांगितलं. मग लान दोनच वाक्यं बोलली. वेननं जर्मनमध्ये मला सांगितलं, "ती विचारतेय, मनीषा जेवली का. तिला आधी जेवायला घाल म्हणतेय." तोपर्यंत मी दगडासारखी होते. त्यानंतर मात्र रडू आवरेना.

तुझ्या संशोधन संस्थेतले लोक तुझ्या प्रबंधांवर लिहितील, चीनमधल्या सेवाभावी संस्थांचे कायदे तू कसे उलगडून दाखवलेस त्यावर व्याख्यान ठेवतील. त्यांनी ठेवावं. मला त्यातलं निम्मं समजत नव्हतं, आणि उरलेलं निम्मं आपल्या भांडणांतून मला समजलं. मी त्या भांडणाबद्दल लिहिणार आहे, कारण ते तू अर्धं टाकून गेलीस.

इथे हॅम्बर्गात आपली ओळखच मुळी कायद्यानं झाली. माझी मुलगी ईरा चार वर्षांची होती. सेरेब्रल पाल्सीमुळे तिचे पाय ताठ, कमरेत ताकद कमी. तिची उंची वाढली तसा जुना वॉकर पुरेना. नव्यासाठी अर्ज केला होता आणि आमच्या आरोग्य विम्यानं, क्रांकनकासेनं, नकार कळवला होता. पाकीट हातात घेऊन मी जिन्यातच बसले होते. तू तिसऱ्या मजल्यावरची, सायकलचं हेल्मेट काखेत, वर चाललेली. मराठीतून फोनवर आईशी बोलताना तू मला कधीतरी ऐकलं होतंस.

"काऊन रडून राहिली बाप्पा?" हे तुझं मला उद्देशून पहिलं वाक्य.

मी पाकीट दाखवलं. तू जिन्यातच वाचलंस, माझ्या शेजारी बसून.

"हा नकार आहे. निकाल नाही. इथे नकाराला उत्तर देता येतं, त्याला विडरश्प्रुख म्हणतात. चहा ठेव, आपण लिहू."

त्या संध्याकाळी तू माझ्या टेबलाशी बसून असं काही कडक जर्मन लिहिलंस की मला विमा कंपनीतल्या माणसाची दया आली. वॉकर मंजूर झाला. लाल रंगाचा. ईरा त्यावर पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तू तिला म्हणालीस, "अरे वा, कार घेतली काय?" आणि ती म्हणाली, "नाइन, आइन ट्रेकर!" कार नाही, ट्रॅक्टर. तेव्हापासून तू नागपुरी बोलायचीस, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि तुम्हा दोघींना कधी दुभाषा लागला नाही. लुडो खेळताना तू सोंगट्या सरकवायचीस आणि ती "दू शुमेल्स्ट!" करून किंचाळायची. तू फसवतेस! घरात एवढा आनंदी आरडाओरडा दुसरा नव्हता.

लानचं नाव मी तुझ्या तोंडून त्याच दिवसांत ऐकलं. चीनला तू पोचलीस ती जुन्या बौद्ध ग्रंथांचे चिनी अनुवाद वाचायला. नागपूरच्या विहारात लहानपणी एका परदेशी भिक्खूंनी तुला चार अक्षरं काढून दाखवली आणि तू ती भाषाच धरलीस. पण तू सिचुआनमध्ये शिकत असताना भूकंप झाला. तू सांगायचीस, "मने, लोक आपापल्या गाड्यांत पाणी, घोंगड्या भरून डोंगराकडं निघाले. कोणी सांगितलं नव्हतं. दुकानदार, रिक्षावाले, कॉलेजची पोरं. मीही एका ट्रकमध्ये चढली. त्या रस्त्यावर मला वाटलं, जुने ग्रंथ थांबतील, ही माणसं उद्या काय करतील ते पाहू." त्या मदतछावणीत तुला लान भेटली. बालवाडीतली शिक्षिका, तिच्या पाठीवर तिचा सात वर्षांचा मुलगा बांधलेला. त्यालाही ईरासारखंच. त्याचं नाव जून.

घर पडलं होतं, ते पुन्हा बांधलं गेलं. जूनला शाळा मात्र मिळाली नाही. मग लाननं तशाच मुलांच्या आया गोळा केल्या आणि एका बंद पडलेल्या दुकानात केंद्र सुरू केलं. सकाळी व्यायाम, दुपारी अक्षरं, संध्याकाळी आयांची बैठक. काम सोपं होतं असं नाही, पण ते त्यांना जमलं. जमेना ते एकच, संस्था म्हणून नोंदणी.

ते तू मला समजावून सांगितलंस तेव्हा मी हसत सुटले होते. नोंदणी करायची तर आधी एखाद्या सरकारी खात्यानं म्हणायचं की या संस्थेवर आम्ही देखरेख ठेवू. तिकडचे लोक त्या खात्याला चक्क 'सासू' म्हणतात. आणि कुठलंच खातं सासू व्हायला तयार नसतं, कारण उद्या सुनेनं काही केलं तर बोल सासूला. म्हणून लानसारख्या कित्येक जणी आपली संस्था कंपनी म्हणून नोंदवतात. धर्मादाय काम करायचं आणि कागदावर दुकान दाखवायचं. देणगीची पावती देता येत नाही, लोकांसमोर हात पसरता येत नाही.

"आणि तरी करतात?" मी विचारलं.

"करतातच न. पोरगं मोठं होऊन राहिलं, ते कशाला थांबते?"

मी त्या रात्रभर त्या जूनचा विचार केला असं लिहिलं तर ते खोटं होईल. दुसऱ्या दिवशी कामावर, विमानाच्या खुर्च्यांच्या सांगाड्याचं ड्रॉइंग करताना अचानक डोक्यात आलं की ईराची उभं राहायची चौकट म्हणजे काय, चार नळ्या, दोन फळ्या, पट्टे. मी ती मोजली. लाकडात कशी होईल त्याची ड्रॉइंग्ज केली. तू त्यावर चिनी सूचना लिहिल्यास. लानच्या गल्लीतल्या सुतारानं चौकट केली, आणि तू मला जूनचा फोटो दाखवलास, उभा. अकरा-बारा वर्षांचा मुलगा, आयुष्यात पहिल्यांदा आईच्या खांद्याच्या उंचीवर.

तिथून लानच्या केंद्राला मदत करणारं आपलं फेराइन, म्हणजे नोंदणीकृत मंडळ, झालं. तू, मी, माझा नवरा अनिकेत, त्याच्या ऑफिसातले दोन मराठी इंजिनिअर, ईराची फिजिओथेरपिस्ट फ्राऊ पेटरसन आणि तिचा नवरा. बरोबर सात डोकी, जर्मन कायद्याला पुरतील एवढीच. नियमावली तू लिहिलीस, सह्या माझ्या डायनिंग टेबलावर झाल्या, कोर्टात नोंद झाली. अनिकेतनं तर्री पोहे खात खात विचारलं, "बस? एवढंच?" तू म्हणालीस, "गेनाऊ, अगदी एवढंच. इथे सासू लागत नाही." आणि मग तुला तुझा भाऊ आठवला. तुझ्या सिद्धार्थदादाची नागपुरातली अभ्यासिका तेव्हाच परदेशी देणग्यांच्या परवानगीत अडकली होती. मदत कोणाकडून येते हा प्रश्न प्रत्येक सरकारला छळतो, असं तू म्हणायचीस. काही सरकारं तो विचारतात आणि काही त्याच्यापायी दारच लावून घेतात.

फ्राऊ पेटरसन दोनदा लानकडे जाऊन आल्या. आयांना त्यांनी स्नायू कसे सैल करायचे, मुलाला कसं उचलायचं म्हणजे आपली पाठ मोडत नाही, ते शिकवलं. परत आल्या की चार दिवस फक्त तिथल्या भाज्यांबद्दल बोलायच्या. आपण सगळे खूश होतो. मी तर फारच. ईरासाठी मला जगानं जे दिलं होतं त्यातलं थोडं पुढे सरकवता येत होतं.

आणि मग दोन हजार सोळा साली तिकडे एकामागोमाग एक दोन कायदे आले. तू दोन्ही मूळ चिनीतून वाचलेस आणि आम्हाला बंदरातल्या फेरीबोटीवर बसून सांगितलेस. पाऊस भुरभुरत होता, ईरा तिचा ट्रॅक्टर कठड्याला लावून क्रेन मोजत होती. पहिला कायदा देशातल्या सेवाभावी संस्थांसाठी. लानसारख्यांना नोंदणीची वाट जरा रुंद झाली होती. नोंदणी होऊन काही काळ नीट काम केलं की लोकांकडे उघडपणे देणगी मागायची परवानगीसुद्धा मागता येणार होती. दुसरा कायदा परदेशी संस्थांसाठी. आपल्यासाठी. तिकडे काही करायचं तर पोलीस खात्याकडे नोंद हवी, आणि तिथला भागीदार अधिकृत संस्था हवा. लानचं केंद्र तर कागदावर दुकान.

"म्हणजे फ्राऊ पेटरसननी आता जायचं नाही?" मी विचारलं.

"नाही."

"त्या पर्यटक म्हणून जातील. डोंगर बघतील आणि दोन दिवस लानकडे. कोण बघतंय?"

"कोणी नाही बघितलं तर ठीक. आणि बघितलं तर? फ्राऊ पेटरसनला विमानात बसवून देतील. तू हॅम्बर्गला चहा पिशील. चौकशी कोणाची होईल, मने?"

मी चिडले. "तू कायद्याची बाजू घेतेस. तुला तो वाचायला आवडतो. तिकडे मुलं वाट बघतायत."

"मला पोरांची नावं पाठ आहेत," तू म्हणालीस. आवाज चढवला नाहीस. तू कधीच चढवायची नाहीस, त्यामुळे मला आणखी चढवावा लागायचा. "या कायद्यात भीती भरली आहे, ते मला तुझ्यापेक्षा जास्त दिसते. पण त्यातच लानसाठी एक फट आहे. मी ती फट मोठी होते काय ते पाहून राहिली."

मी त्या दिवशी तुला बोलले की चांगल्या कामाला जे सरकार घाबरतं त्याच्या फटी कसल्या शोधायच्या. तू त्यावर मला तुझ्या दुसऱ्या मैत्रिणीचं सांगितलंस. दक्षिणेकडच्या एका कारखान्यांच्या शहरात ती कामगारांना पगाराच्या, अपघाताच्या दाव्यांत मदत करायची. तिचं छोटं ऑफिस बंद झालं, ती फोन उचलत नव्हती. "तिच्यासाठी फट नाही," तू म्हणालीस. "अपंग पोरांचं काम चालते, मजुरांच्या हक्काचं चालत नाही. मला माहीत आहे. मी आंधळी नाही." फेरी धक्क्याला लागली तरी तू उठली नाहीस. ईरानं तुझी बाही ओढली तेव्हा उठलीस.

पुढच्या उन्हाळ्यात तू संस्थेच्या कामासाठी चीनला गेलीस आणि तुझी स्वतःची रजा लानच्या गावात घालवलीस. सरकारी ऑफिसात लानच्या शेजारी बसायचीस, बोलायची लानच. तू फक्त कायद्यातलं कलम कुठलं ते तिच्या कानात सांगायचीस. रोज संध्याकाळी मला फोन. अपंगांसाठीच्या खात्यातला तो अधिकारी तू इतका हुबेहूब सांगितलास की मी त्याला ओळखू शकेन. गरम पाण्याचा थर्मास, सतत झाकण उघडायचं आणि लावायचं. तो म्हणाला होता, "तुमचं काम चांगलं आहे हे मला माहीत आहे. माझ्या बहिणीचा मुलगा तसाच आहे. पण सही केली की जबाबदारी माझी."

मी फोनवर त्याला शिवी दिली. तू म्हणालीस, "त्याचा राग नाही येत ग मला. त्यानं आजपर्यंत कधी कोणाला हो म्हटलंच नाही. हो म्हणायचं शिकून राहिला तो."

मग एके दिवशी तो स्वतः केंद्रात आला. लाननं त्याला खुर्ची दिली नाही. त्या वेळी सगळ्या आया जमिनीवर मुलांचे व्यायाम घेत होत्या, तिनं त्यालाही चटईवर बसवलं आणि एका मुलाचा पाय धरायला दिला. अर्धा तास तो माणूस तो पाय धरून बसला होता, असं तू हसत हसत सांगितलंस. पुढच्या आठवड्यात त्यानं सही केली. लानचं केंद्र दुकान राहिलं नाही. आम्ही इथे पेढे मिळत नाहीत म्हणून मार्झिपान, म्हणजे बदामाची मिठाई, वाटली.

आणि तू परत आलीस, आमच्याकडे जेवायला बसलीस, आणि म्हणालीस, "आल्झो, तर मग, आपण बाहेर पडायचं. लानच्या कागदात कुठल्याही परदेशी संस्थेचं नाव राहणार नाही. मी तसं कळवलं आहे."

मला आधी कळलंच नाही. "पण आता तर ती अधिकृत संस्था झाली ना? तूच म्हणालीस, ती झाली की आपल्या उपक्रमाची नोंद करू शकते."

"करू शकते. कायद्यात आहे."

"मग?"

"मग काही नाही. मी ठरवलं."

"तू ठरवलंस? आपण सात जण आहोत, ताई. फ्राऊ पेटरसननी चिनी धडे लावलेत. तू एकटीनं कसं ठरवलंस?"

तू भात कालवत राहिलीस. मला तुझी ती शांतता आठवते, कारण ती तुझी नेहमीची नव्हती. नेहमी तू शांत असायचीस तेव्हा तुझ्याकडे उत्तर असायचं. त्या दिवशी तू नुसती ऐकून घेत होतीस. अनिकेत मला खुणा करत होता. मी थांबले नाही. मी म्हणाले, त्यांना आपली लाज वाटते का? आपण काय चोर आहोत? तू फक्त म्हणालीस, "माझ्यावर राग काढ. तिच्यावर नको." मला वाटलं, तुझी सवयच आहे तशी बोलायची.

फेराइन बंद करण्याची बैठक तूच घेतलीस. बंद करायला जर्मनीत स्थापन करण्यापेक्षा जास्त वेळ लागतो हे आम्हाला तेव्हा कळलं. कोणाचं काही मागणं असेल तर त्यानं यावं म्हणून वर्षभर थांबायचं असतं. कोणी आलं नाही. फ्राऊ पेटरसन डोळे पुसत म्हणाल्या की त्या चिनी तरी शिकत राहतील. त्या वर्षभर मी तुझ्याशी दर रविवारी तोच वाद घातला. आपण दोघी भाजी चिरत, ईरा पलीकडे गृहपाठ करत. मी म्हणायचे, मदत करणाऱ्यानं निघून जायचं हीच जर मदतीची अट असेल तर ती कसली मदत. मी म्हणायचे, तू घाबरलीस. तू म्हणायचीस, शेंगदाणे जास्त भाजून राहिले, गॅस कमी कर.

पण तू माझ्याकडे येणं सोडलं नाहीस, ताई. मी एवढी बोलत होते तरी. ईराच्या कमरेचं ऑपरेशन झालं तेव्हा तू हॉस्पिटलात माझ्याआधी पोचली होतीस. डॉक्टर घाईघाईनं काही सांगून जायला लागले तर दारात उभी राहून "एक मिनिट, तिच्या आईला समजलेलं नाही" म्हणालीस. मला समजलं होतं. तरी मला ते दुसऱ्यांदा ऐकायचं होतं, आणि ते तुला कळलं होतं. मी तुला त्याबद्दल कधी काही बोलले नाही. आपल्यात आभार मानायची पद्धत पडली नाही. वादच इतके होते की त्यातून वेळ झाला नाही.

शेवटच्या रविवारी मी पुन्हा तोच विषय काढला. त्या दिवशी मी जरा दमले होते, म्हणून शेवटी म्हटलं, "जाऊ दे, मी उगाच भांडते." तू पाटवड्या कापत होतीस. तू सुरी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "उगाच नाही. तू बरोबर भांडतेस. भांडत राहा." मला वाटलं, माझी समजूत घालतेयस. मंगळवारी तू संस्थेच्या वाचनालयात खुर्चीतून उठायला गेलीस आणि उठली नाहीस. हृदय. डॉक्टर म्हणाले, काही जाणवलंही नसेल. असं ते सगळ्यांनाच म्हणतात, पण मी ते धरून ठेवलंय.

इथे दहनानंतर अस्थिकलश जमिनीत ठेवायला काही आठवडे जातात. सिद्धार्थदादांना त्यामुळे नागपूरहून यायला वेळ मिळाला. आणि लानलाही. वेननं सांगितलं की लानला यायचंय, तेव्हा मी परदेशी नागरिकांच्या ऑफिसात जाऊन या पाहुणीची सगळी जबाबदारी माझी असं लिहून दिलं. सही करताना हात जरा थांबला. तो थर्मासवाला आठवला.

लान देशाबाहेर पहिल्यांदाच येत होती. मी विमानतळावर वेनबरोबर उभी होते. लान फोटोतल्यापेक्षा बुटकी, केस पांढरे, हातात एकच पिशवी. ती वेनकडे न जाता सरळ माझ्याकडे आली आणि माझे दोन्ही दंड धरून उभी राहिली. आम्ही एकमेकींना काय म्हणणार होतो?

कलश ठेवताना सिद्धार्थदादांनी त्रिशरण आणि पंचशील म्हटलं, आम्ही मागून म्हटलं. फ्राऊ पेटरसननी चिनीतून दोन वाक्यं बोलून दाखवली. उच्चार बहुतेक फार वाईट होते, कारण लान रडता रडता हसली. ईरा तिच्या नव्या कुबड्यांवर उभी राहिली, पूर्ण वेळ. बसायला सांगितलं तर "नाइन" म्हणाली.

मग सगळे आमच्या घरी आलो. दुपारचं ऊन स्वयंपाकघरात येत होतं. बाकीचे बाहेर बसले आणि लान, वेन आणि मी आत राहिलो. लान केंद्राबद्दल सांगत होती. आता त्यांना सासू मिळाली आहे. सासू कडक आहे, दर महिन्याला हिशोब बघते, आणि हिशोब बघून झाल्यावर मुलांबरोबर नूडल्स खाते. शेजारच्या दोन गावांतल्या आया शिकायला येतात. पुढच्या वर्षी लोकांकडे उघडपणे देणगी मागायचा अर्ज करणार. जून आता रिसेप्शनला बसतो, फोन घेतो, सगळ्यांना दरडावतो.

मी ऐकत होते, पण डोक्यात आपलं तेच भांडण होतं. मी वेनला म्हटलं, "तिला विचार, आम्ही बाहेर पडलो ते बरोबर झालं का. सुमेधाताईनं एकटीनं ठरवलं. मी तिच्याशी त्यावरून शेवटपर्यंत भांडले."

वेननं विचारलं. लाननं कप खाली ठेवला. मग वेनकडे वळून बराच वेळ बोलली. वेन मध्ये थांबून थांबून मला सांगत होती.

"ती म्हणते, सुमेधानं नव्हतं ठरवलं. मी ठरवलं. अधिकारी तर म्हणाला होता, परदेशी नाव ठेवा, चार प्रश्न जास्त विचारतील एवढंच. मीच नको म्हणाले."

"पण का?"

लान मला थेट सांगायला लागली, जणू मला कळणारच आहे, आणि वेन तिच्या मागून धावत भाषांतर करत होती.

"तुमच्या व्यायामाच्या बाई यायच्या, फार चांगल्या होत्या. पण त्या आल्या की आमच्या आया गप्प व्हायच्या. त्या गेल्या की आया विचारायच्या, परत कधी येणार. मी बारा घरं सोडून राहणाऱ्या दुकानदाराकडे कधी काही मागितलं नव्हतं, कारण मागायची परवानगी नव्हती, आणि समुद्रापलीकडच्या लोकांकडे मागत होते. नवा कायदा आला तेव्हा मला वाटलं, आता मागायचं तर या दुकानदाराकडे. त्यानं आमच्या मुलांना रोज पाहावं. मला भीतीही वाटत होती, ते खोटं नाही सांगत. पण भीती वाटली नसती तरी मी हेच केलं असतं."

मी विचारलं, "आणि ताई काय म्हणाली?"

लान एकदम हसली आणि तिचे डोळे भरले.

"सुमेधा? ती माझ्याशी भांडली. दोन दिवस. ती म्हणाली, कायद्यात वाट आहे, मग कशाला तोडायचं. म्हणाली, मदत करणाऱ्याला घालवून देणं ही कसली अट. म्हणाली, तू घाबरलीस. मी ऐकलं नाही तेव्हा रडली. मग म्हणाली, मनीषाला हे लागेल. तिला मी सांगते, माझंच ठरलं म्हणून. तुझ्यावर तिचा राग राहायला नको, तुमची मुलं सारखी आहेत."

बाहेर सिद्धार्थदादा कोणालातरी नागपूरच्या उन्हाबद्दल सांगत होते.

ताई, म्हणजे मी वर्षभर तुला जे जे बोलले ते सगळं तू आधीच लानला बोलून आली होतीस. माझेच शब्द. तिकडे तू माझ्या बाजूनं भांडलीस आणि हरलीस, आणि इथे येऊन लानच्या बाजूनं गप्प बसलीस. दोन्हीकडचं तुझ्या एकटीच्या पोटात राहिलं, आणि वर तू माझ्या पाटवड्या कापत होतीस. मला तुझा राग आला. खरंच आला. सांगितलं असतंस तर आपण दोघी मिळून लानशी भांडलो असतो, किंवा दोघी मिळून गप्प बसलो असतो. त्या रागातच मला इतकं भरून आलं की मी लानचा हात धरला, आणि तिनं माझा, आणि वेननं शहाण्यासारखं तोंड फिरवून भांडी विसळायला घेतली.

लानचं बरोबर होतं का? अजून मला पटलेलं नाही. तुझी ती कामगारांची मैत्रीण आजही फोन उचलत नाही, आणि लानला मिळालेली फट सगळ्यांना मिळत नाही, हे मी विसरणार नाही. पण जून फोन घेतो आणि लोकांना दरडावतो, हेही खरं आहे. तू ही दोन्ही सत्यं उराशी घेऊन कशी झोपायचीस?

निघायच्या आदल्या दिवशी लान ईराच्या खोलीत गेली. मी दारातून पाहिलं. तिनं ईराचा पायाचा स्प्लिंट काढला, टाच तळहातावर घेतली, हळूहळू पाय वर वाकवला आणि तसाच धरून ठेवला, फ्राऊ पेटरसन धरतात तसाच. ईरा नेहमी या व्यायामाला कुरकुर करते. ती गप्प पडून लानकडे बघत होती. मग लाननं फोनवर जूनचा व्हिडिओ दाखवला. ईरानं तो तीनदा पाहिला.

"माझ्या देशात संस्था म्हणून येऊ नका," लान जाताना वेनकरवी मला म्हणाली. "पाहुण्या म्हणून या. पाहुण्यांना कोणाची सासू लागत नाही. माझ्या घरी उतरा."

मी म्हटलं, बघू. शाळा आहे, व्हिसा आहे, एवढा लांबचा प्रवास ईराला झेपेल का. ईरा सोफ्यावरून म्हणाली, "विअ फारेन हिन." आपण जातोय. मी म्हटलं, "बघू गं." ती पुन्हा तेच म्हणाली, या वेळी मराठीत, माझ्याकडे रोखून बघत. "जायचंय, आई."

ईस्टरच्या सुट्टीची तिकिटं काढली आहेत. लानच्या घरी उतरलं की लगेच पोलीस चौकीत पाहुण्यांची नोंद करावी लागते; लान करेल, तरी मी वेनकडून सगळे नियम नीट समजून घेतले. केंद्रात मी काही शिकवायला जाणार नाही. चटईवर बसेन आणि ज्या मुलाचा पाय हातात देतील तो धरेन. ईरानं तर जूनशी काय भांडायचं तेही आत्ताच ठरवून ठेवलंय.